अक्काची सुई आणि आखाजीची पंगत

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, माहेरच्या ओसरीवर, तिने ताटावर आडवा हात धरलेला असताना झाला. करणारे सगळे तिचेच होते. माय, काकू, आमचे मोठे काका (त्यांना अख्खं गाव नाना म्हणतं) आणि आबा, म्हणजे आमचे वडील. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. त्यांनी फक्त वाढलं.

मी जळगावात एका आरोग्य चळवळीत काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते, बसस्टँडवर आणि बाजारात वाटते. पत्रकाला शत्रू लागतो. बोगस डॉक्टर, लुटारू दवाखाना, झोपलेलं आरोग्य खातं, असं कुणीतरी. इथे शत्रू चुलीपुढे बसून खापरावर मांडे भाजत होता. मनगटापर्यंत चटके सोसत होता, तेही आमच्यासाठी. तरी मी याला अन्यायच म्हणणार. प्रेमाने केला म्हणून त्याला दुसरं नाव देणार नाही.

अक्का चाळीसगावला दिलेली. घरीच ब्लाउज शिवते. दुसऱ्या बाळंतपणात तिला साखर निघाली, ती नंतर गेलीच नाही. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. वजन वाढत राहिलं. दाजींचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, माणूस तसा हसतमुख. गाडीवर तिला मागे बसवायच्या आधी वाकून टायरकडे बघायचे आणि म्हणायचे, "थांब, आधी हवा भरून आणतो." सगळे हसायचे. अक्काही हसायची. सासू म्हणायची, "काम नको, मग अंग सुटणारच." अक्का पहाटेपासून उभी असते आणि बसली की मशीनवर बसते, हे सासूला दिसायचं नाही असं नाही. पण जाड बाई आळशीच असते हे ठरलेलं आहे. त्याला पुरावा लागत नाही.

आमच्या आत्याचा पाय साखरेने गेला. आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत. शेवटची दोन वर्षं ती आमच्याकडेच होती आणि लग्नाआधी अक्काच तिची पट्टी बदलायची. त्या खोलीचा वास मला आठवतो, अक्काला तर तो अजून येतो. अक्काला लाज वजनाची होती, पण भीती पायाची होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण ऐकणारे म्हणतील की तिला नटी व्हायचं होतं.

जळगावच्या डॉक्टरबाईंकडे मीच तिला नेलं. हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टर. वय माझ्याहून फार जास्त नसेल. त्यांनी तपासण्या बघितल्या, पायाच्या तळव्यांना टोचून बघितलं आणि म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू करू या. साखरही उतरेल, वजनही."

मी लगेच सरसावले. माझा धंदाच संशयाचा. विचारलं, "डॉक्टर, कंपनी तुम्हाला काय देते?"

अक्काने टेबलाखालून मला चिमटा काढला. डॉक्टरबाई हसल्या. "बॉलपेन देते. तेही उमटत नाही."

मग त्यांनी समजावलं, आणि ते मी पत्रकात लिहिलं असतं त्यापेक्षा सोपं होतं. आपण जेवलो की आतड्यातून एक हार्मोन सुटतो. तो मेंदूला, पोटाला, स्वादुपिंडाला निरोप देतो की अन्न आलं, आता पुरे. तो निरोप लगेच विरून जातो. पेनासारख्या दिसणाऱ्या या इंजेक्शनातल्या औषधाची घडण त्याच हार्मोनसारखी आहे, फक्त ते आठवडाभर टिकतं. भूक कमी लागते, साखर ताब्यात येते, आणि पोट हळूहळू रिकामं होतं.

"म्हणून थोडं खायचं," त्या अक्काकडे बघत म्हणाल्या. "सावकाश. गोड आणि तुपकट एकदम जास्त नाही. पुरे वाटलं की तिथेच थांबायचं. तुम्ही थांबला नाहीत तर पोट थांबवेल, आणि ते प्रेमाने थांबवत नाही."

"आणि बंद केलं तर?" मी विचारलं.

"भूक परत येईल. बहुतेक वजनही. साखर वाढेल."

"म्हणजे जन्मभर घ्यायचं?"

"बीपीची गोळी तुम्ही महिनाभर घेऊन सोडता का? आत्ता तरी असंच दिसतंय. औषध नवं आहे, आम्हीही अजून शिकतोय."

मला राग आला होता. कुणावर ते कळत नव्हतं. घरच्या जेवणाने वाढलेल्या आजाराला कारखान्यातून आलेली सुई, तीही न संपणारी, यात मला माणसाचा पराभव दिसत होता. बाहेर आल्यावर मी अक्काला भाषण दिलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं सगळं खरं आहे गं धाकले. पण आत्याची पट्टी तू नव्हती बदलली."

पहिले काही आठवडे तिला मळमळायचं, करपट ढेकर यायचे. मग एका दुपारी तिचा फोन आला, आवाज अगदी हलका. "तुला सांगू का? घरात मिक्सर चालू असतो ना, आपण त्यातच मोठ्याने बोलत असतो. आणि मध्येच लाईट गेली की कळतं, अरे, किती आवाज होता! माझ्या डोक्यातला मिक्सर बंद झाला गं. डब्यात लाडू आहेत आणि मला त्यांची आठवणच नाही."

पुढच्या वेळी भेटले तेव्हा ती स्वतःच्या ब्लाउजांच्या शिवणी आत घेत बसली होती. साखर उतरली होती. जिना चढून वर आली आणि धापा न टाकता माझ्यावर ओरडली.

पण हे सगळं चोरून चाललं होतं. सासूला सांगितलेलं, ताकदीची सुई आहे. कारण आमच्याकडे साखरेला सुई लागली म्हणजे माणूस शेवटच्या पायरीवर आला, असं धरतात. मग लोक भेटायला येतात, तेही फळं घेऊन. आणि बारीक व्हायची सुई म्हणावं तर गावभर हसं. बाईने आजारी असावं पण दिसू नये, आणि बरं व्हावं पण त्यासाठी काही करताना दिसू नये. या दोन भिंतींच्या मध्ये अक्काचं पेन फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्यामागे उभं असायचं. खरं काय ते फक्त दाजींना आणि मला माहीत होतं.

आखाजीला लेकी माहेरी येतात. आमचं गाव धुळ्याच्या बाजूला. निंबाला झोके बांधलेले, अंगणात पाय ठेवला तर तळवे भाजतील असं ऊन. अक्काचा डोस त्याच आठवड्यात वाढवलेला होता. डोस वाढला की पहिले दिवस पोट नाजूक असतं, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. अक्का सकाळपासून जपून होती. ताक पीत होती, सावलीत बसत होती.

माय तिला बघून आधी हरखली, मग घाबरली. तिची हनुवटी धरून म्हणाली, "अशी कशी वाळी गई वं मनी आंडेर? सासरले खावाले देतस का नही?" (आंडेर म्हणजे लेक.)

"देतात गं माय. साखर कमी झाली म्हणून अंग उतरलं."

"साखर कमी व्हयनी ना? मग आते खाय!"

आमच्या घरची एक रीत आहे. आखाजीला पितरांची घागर भरतात, नैवेद्य दाखवतात, आणि त्यानंतरची पहिली पंगत माहेरी आलेल्या लेकींची. वाढायला घरातली सगळी मोठी माणसं, अगदी पुरुषसुद्धा. वर्षातून एकदा आबा स्वतः वाकून आम्हाला वाढतात. लहानपणी मला या पंगतीचा केवढा अभिमान होता! आणि त्या पंगतीत लेकीने ताटात काही टाकायचं नसतं. त्या दिवशी पितर लेकींच्या तोंडाने जेवतात. लेकीने टाकलं म्हणजे पितर उपाशी उठले.

मांडा म्हणजे खापरावर भाजलेली पुरणाची पोळी, ताटाबाहेर लोंबणारी. त्यावर तूप, सोबत वाटीभर आमरस. अक्काने एक मांडा सावकाश संपवला, रस अर्धा ठेवला आणि ताटावर आडवा हात धरला.

"बस झालं, काकू."

नाना परातीजवळ उभे होते. "अरे! आंडेर शे का पाव्हनी? वाढ तिले!"

"नाना, खरंच बस. पोट भरलं."

"पोट भरनं म्हणे! आमन्या वखतले पोरी चार चार मांडा खाईसन झोकावर बसेत."

मी शेजारच्याच पाटावर होते. म्हटलं, "नाना, तिला औषध चालू आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, जास्त खायचं नाही."

"आली आमनी डॉक्टरीण!" नाना आनंदाने ओरडले. "पत्रक आनेल शे का? वाट समदासले, मांडाबरोबर खाईसू!"

पंगत हसून लोळली. चुलतबहिणी हसल्या, काकू तोंडाला पदर लावून हसली, आबाही हसले. मी अजून काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर अक्काने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. बोलू नकोस. सांगितलंस तर हे आजच गावभर होईल, उद्या चाळीसगावला पोचेल.

मी गप्प बसले नाही. "तिला त्रास होईल," एवढं मोठ्याने म्हटलं, दोनदा म्हटलं. कुणी ऐकलं नाही. लग्न न झालेल्या धाकट्या मुलीचं बोलणं आमच्याकडे पंख्याच्या आवाजासारखं असतं. चालू असतं म्हणून चालू द्यायचं.

मग माय आली. हातात मांडा, तुपाने ओला. वाकली आणि अक्काचा ताटावरचा हात मनगटाला धरून हळूच बाजूला केला. इतका हळू, की बांगडीसुद्धा वाजली नाही. "आजना दिन टाकू नको, बेटा. तुनी आत्याना घास शे."

आत्याचं नाव काढल्यावर अक्का काय करणार होती? जिच्या पायाच्या भीतीने तिने ती सुई धरली, तिच्याच नावाने मांडा वाढला. अक्काने खाल्ला. पाठोपाठ नानांनी रसाची वाटी पुन्हा भरली. आबांनी तूप सोडलं. तिच्या कपाळावर घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि सगळे म्हणत होते, "दखा, कशी जेवनी!"

दुपार कलायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटातलं अन्न निघालं, मग पाणी, मग नुसतं हिरवं-पिवळं. पाण्याचा घोट घेतला तरी उलटी. नाना म्हणाले, ऊन लागलं, कांदा फोडा. काकू म्हणाली, बाधलं. मायने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि ठसका लागला नाही म्हणून म्हणाली, बघा, नजरच आहे. मी म्हणत होते, धुळ्याला न्या. सणाच्या दिवशी लेकीला दवाखान्यात नेतात का, असं उत्तर मिळालं. गाडी नानांची, किल्ली नानांची. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का उठून बसली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन परत आडवी झाली. लघवी होत नव्हती. तेव्हा मी दाजींना फोन करून बोलावून घेतलं. ते आले आणि मगच गाडी हलली.

धुळ्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं. रक्त तपासलं. स्वादुपिंडाला सूज नव्हती, पण अंगातलं पाणी पार गेलं होतं आणि मूत्रपिंडावर ताण आला होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? अक्का डोळे मिटून पडली होती. आता लपवून चालणार नव्हतं. मी सांगितलं. सगळ्यांसमोर, पेनाच्या नावासकट.

माय हळूच म्हणाली, "सुई?"

आबांनी दाजींकडे पाहिलं. "पाव्हना, तुमले माहीत व्हतं?"

दाजी म्हणाले, "नाही आबा. मला काय माहीत! या दोघी बहिणींचं काय ते."

अक्काने डोळे उघडले. भिंतीकडे तोंड केलं, हाताला सलाईन असल्यामुळे तेही नीट वळता आलं नाही. त्या माणसाने दर रविवारी तिला आठवण करून दिली होती, "घेतलीस का?" म्हणून. मी बोलले, आरडाओरडा केला. नर्सने मला बाहेर काढलं.

नंतर डॉक्टरांनी सगळ्यांना नीट सांगितलं. मायने थेट विचारलंच, "सुईमुळेच झालं ना हो डॉक्टर?" ते म्हणाले, "औषध चालू असताना पोटाला झेपेल तेवढंच खायला हवं होतं. उलट्या झाल्यावर लगेच आणायला हवं होतं. औषध वाईट नाही, यांना त्याची गरज दिसते. काही आठवडे थांबा, तपासण्या पुन्हा करा, मग यांच्या डॉक्टरांना भेटून कमी डोसपासून सुरू करता येईल." हे सर्वांनी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर आबांनी निकाल दिला, "जे अन्न पचू देत नही, ते कसानं औषध? बंद."

मायचं मला कळतं. सुई दोषी नसेल तर मांडा दोषी ठरतो, आणि मांडा दोषी म्हणजे तिचा हात दोषी. हे तिने कसं सहन करावं? म्हणून ती सुईवर तुटून पडली. बाजारातल्या बायकांकडून तिने ऐकून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. अमकी पार्लरवाली लग्नाआधी मुलींना सुया टोचते, तमकीची मुलगी ओकून ओकून मांडवात पडली. आणि हे खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे! आमच्या चळवळीतही त्याच आठवड्यात ठरलं होतं, बिनचिठ्ठीच्या सुया विकणाऱ्यांवर पत्रक काढायचं, आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहायला बसले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पार्लरमध्ये टोचणारी गुन्हेगार आहे, आणि माझ्या बहिणीला ती सुई हवी आहे. दोन्ही एका कागदावर बसवायला गेले तर एक ओळ दुसरीला खोडते. मी पत्रक काढलं आणि जळगावच्या बाजारात वाटलं. त्यातला एक कागद कुणीतरी गावी नेला. मायने तो जपून ठेवलाय. त्यात "तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध उपयोगी आहे" असंही ठळक लिहिलंय, हे मी तिला बोट ठेवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते तू आपल्या बहिणीसाठी टाकलंस."

चाळीसगावात सासूने पेन फ्रिजमधून काढून कचऱ्यात टाकलं. दाजींनी बघितलं आणि दुकानात निघून गेले.

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे कुणी विचारायला नको. जळगावच्या डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला, अक्का जवळच होती, आबा उठून बाहेर गेले. दाजींना दुकानात जाऊन गाठलं. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे, पण घरात रोज कोण भांडणार?" सासूशी बोलले. तिने चहा दिला आणि म्हणाली, "तुझं लग्न झाल्यावर बोलू." अक्काला म्हटलं, चल, मी येते, आपण दोघीच जाऊ. तिने मान हलवली.

परवा चाळीसगावला तिला भेटून आले. सासू आतल्या खोलीत होती म्हणून ती हळू बोलत होती.

"साखर तपासलीस?"

"तपासली."

"किती?"

"पूर्वीसारखी." थोडा वेळ मशीनवर दोरा ओवत राहिली. दोरा सुईत जाईना. "भूक परत आलीय गं. माणूस दारात उभा असतो ना, जातच नाही, तशी. आणि रात्री तळव्यांना मुंग्या येतात."

"एका पायाच्या की दोन्ही?"

"दोन्ही."

"अक्का, त्या डॉक्टरबाई म्हणाल्यात, आत्ता आलीस तर..."

"मला माहीत आहे त्या काय म्हणाल्या. मी तिथेच होते ना?" मग एकदम हसली, जुन्यासारखी. "तू माझ्यासाठी मोर्चा काढ. घोषणा काय देशील? अक्काची भूक मारा?"

मला हसू आलं नाही. तिलाही नंतर आलं नाही. निघताना तिने डब्यात सांजोऱ्या भरून पुढे केल्या, मी नको म्हटलं. तिने लगेच हात मागे घेतला. अख्ख्या घराण्यात एकाच बाईला हे जमतं, आणि तिचे पाय आता बधिर होत चाललेत.

मी तिला उचलून नेऊ शकत नाही. तिच्या घरातल्या फ्रिजचं दार माझ्या हातात नाही. म्हणून तुमच्याकडे आले आहे. तुमच्या घरात अशी एक बाई आहे. साखरेची, थकलेली, कुठलं तरी औषध लपवून घेणारी. तिला आज विचारा, काय घेतेस, डॉक्टर काय म्हणाले, परत कधी बोलावलंय. लाजली तरी विचारा. त्या दिवशी दुकान बंद ठेवा, रजा टाका, आणि तिला स्वतः घेऊन जा. घरात कुणी हसलं, तर सर्वांसमोर, मोठ्याने म्हणा की मला माहीत होतं. आणि ती नको म्हणाली तर वाढू नका. पितर उपाशी राहिले तर राहू द्या. ते मेलेले आहेत, ती नाही.